माणूस लागणार नाही असा पंप

४ तारीख, मंगळवार

आधीच माफी मागते, शुद्धलेखनाच्या चुका होतील. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाही जमायचं नाही, आणि शाळा सुटून आता तीन वर्षं झाली. टाइप एका बोटाने करते. मोबाइल आईचा जुना आहे, त्याची काच ‘ळ’ येतो नेमकी तिथे फुटलीय. ‘ळ’ लिहायचा म्हणजे तीनदा दाबावं लागतं. म्हणून हळू. (बघा, इथेच तीनदा दाबलं.)

दवाखान्यातल्या सिस्टर म्हणाल्या, आईच्या पंपाची ट्रायल चालेल तोवर रोज लिहून ठेवा, काय खाल्लं, साखर किती आली, त्रास झाला का. ते मी वेगळीकडे लिहिणार आहे. इथे बाकीचं. बाकीचं कोणी विचारलेलं नाही.

आईला साखरेचा आजार मी जन्मायच्या आधीपासून आहे. तिच्या अंगात इन्सुलिन तयारच होत नाही, म्हणून दिवसातून चार वेळा टोचून घ्यावं लागतं. आता तिला टोचायच्या पेनावरचे आकडे नीट दिसत नाहीत, म्हणून मी देते. आम्ही दोघी लाँड्रीत कामाला आहोत. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी येतात, मळक्या बाजूने आत येतात आणि आमच्या बाजूने घडी होऊन बाहेर जातात. गरम रोलरमधून चादर सपाट होऊन येते, एक टोक आई धरते, एक मी. ताणायची, अर्ध्यात आणायची, चालत जवळ यायचं, कोपरे जुळवायचे. दिवसभर आम्ही एकमेकींपासून लांब जातो आणि जवळ येतो.

मी नववीत असताना आई एकदा एकटीच घडीच्या टेबलाशी कोसळली. साखर उतरली होती आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी सोबत जाते. मला मशीन लागत नाही. तिची साखर उतरायला लागली की चादर सैल पडते. तिला स्वतःला कळायच्या आधी मला हातात कळतं. मग मी घडी सोडते आणि खिशातली साखरेची गोळी तिच्या तोंडात घालते. रोलरवाली म्हणते, “मौनीबाईने रेडिओ पकडला वाटतं.” मौनीबाई म्हणजे मी. मी फार बोलत नाही ना.

तर आज डॉक्टर म्हणाले, सरकारी योजनेतून इन्सुलिनचा पंप मिळू शकतो. दोन प्रकार आहेत. एक नळीचा, कमरेला डबी आणि तिथून पोटापर्यंत बारीक नळी. दुसरा बिननळीचा, सगळं एकाच छोट्या डबीत, दंडावर चिकटवायची, तीन दिवसांनी फेकायची आणि नवी लावायची. दोन्ही साखर बघून आपोआप इन्सुलिन कमीजास्त करतात. साखर फार चढली किंवा उतरली की मोबाइल ओरडतो. एकदा निवडला की चार वर्षं बदल नाही. आणि ट्रायलमध्ये जमला नाही तर नाव यादीच्या तळाला जाणार.

“तुम्हाला काय हवंय?” डॉक्टरांनी आईला विचारलं.

आई म्हणाली, “असं काहीतरी द्या की मला माणूस लागणार नाही.”

माणूस म्हणजे मी.

घरी येताना तिने मला आवडतं ते बिस्कीट घेऊन दिलं. मी खाल्लं नाही. खिशात चुरा झाला.

६ तारीख, गुरुवार

मामा आला होता. मामा इलेक्ट्रिशियन आहे आणि त्याला जगातल्या सगळ्यातलं सगळं कळतं.

“ताई, नळीचा घे. ज्याला वायर नाही त्याचा भरवसा नाही.”

“अरे, ती नळी आहे, वायर नाही.”

“तत्त्व तेच. दिसतं ना, इथून निघालं, तिथे पोचलं. बिननळीचं म्हणजे हवेवरचा कारभार. माझ्या त्या वायरलेस बेलचं काय झालं? शेजारी कोणी आलं की आमच्याकडे वाजते.”

“मग मला इन्सुलिन नाही मिळालं तर शेजारणीला मिळेल, असं म्हणतोस?”

दोघं हसली. मीपण हसले, पण तोंड मिटून.

मग आईने माझी ओढणी घेतली, एक टोक कमरेला खोचलं, दुसरं पोटाशी धरलं, आणि मामाला रोलरशी आपण कशा उभ्या राहतो ते करून दाखवलं. वाकायचं, टोक पकडायचं, ओढायचं. ओढणी खुर्चीच्या हाताला अडकली आणि खुर्चीच आडवी झाली.

“ही खुर्ची म्हणजे मी,” आई म्हणाली. “ट्रॉलीच्या हुकात नळी गेली तर अशीच जाईन. बिननळीचाच.”

मामाने हात वर केले. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी “काहीही” म्हणाले असते. पण मनात होतं, कोणताच नको. चार वेळा टोचायला काय होतं? माझा हात हलका आहे, आईच सांगते सगळ्यांना.

८ तारीख, शनिवार

पंप लागला. दिसायला साबणाची झिजलेली वडी. सिस्टरनी आईच्या उजव्या दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवला, मोबाइलवर बटण दाबलं, आणि आतून टक टक असा आवाज यायला लागला. मग एकदम जोरात टक. आई म्हणाली, “आई गं,” आणि मग, “झालं? एवढंच?”

एवढंच. सुई आत जाऊन परत आली म्हणे आणि बारीक मऊ नळी आत राहिली. मी बॅगेतून पेन काढून हातात धरून उभी होते. का, माहीत नाही.

सिस्टरनी सूचना दिल्या. पाणी चालेल. उन्हात बसायचं नाही, गरम जागी थांबायचं नाही, इन्सुलिन खराब होतं. आई म्हणाली, “ऊन कुठलं, आमच्याकडे खिडक्याच नाहीत. आणि गरम जागा म्हणजे बॉयलरची खोली. तिथे आम्ही जातच नाही.” हे खरं आहे. बॉयलरच्या खोलीत फक्त बॉयलरवाला जातो, त्याच्या भुवया पण नाहीत.

सिस्टरनी मला विचारलं, “तुला काही शंका?” मी मान हलवली. शंका खूप होत्या.

९ तारीख, रविवार

घरी. आईची साखर दिवसभर सरळ रेषेत. एकदाच थोडी खाली यायला लागली तर पंपाने आपणहून इन्सुलिन थांबवलं आणि रेषा परत वर वळली. मी गोळी काढेपर्यंत काम झालं होतं.

आई सारखी मोबाइल डोळ्याशी धरून बघत होती. आकडे केवढे मोठे आहेत बघ, म्हणाली. दुपारी तर गाणं गुणगुणत होती. मी कपाट आवरलं. ते आवरलेलंच होतं.

१० तारीख, सोमवार

पंपाचा लाँड्रीत पहिला दिवस. सगळ्याजणी बघायला आल्या.

रोलरवालीने विचारलं, “याला बंद करायचं बटण आहे का? माझ्या नवऱ्याला लावीन म्हणते.”

मुकादमबाईंनी सगळ्यांना हाकललं, पण जाता जाता स्वतःही वाकून बघून गेल्या. त्या आमच्या वरच्या. कडक आहेत, पण आई कोसळली तेव्हा त्यांनीच तिला उचललं होतं.

आईचा उजवा खांदा नेहमीसारखा धरला. आमच्याकडे सगळ्यांचेच खांदे धरतात. त्याला उपाय आहे. रोलरमधून आत्ताच निघालेला जाड टॉवेल चौघडी करून दुखऱ्या जागी ठेवायचा. प्रत्येकजणी प्रत्येकीला देते, यात काही विचारायचं नसतं. मी आईला दिला. खांद्यावरून पार दंडापर्यंत पसरला, म्हणजे पंपाला पण वाफेचं पाणी लागणार नाही. थंड झाला की दुसरा. आईने डोळे मिटले. “तुझ्यासारखा टॉवेल कोणी ठेवत नाही,” म्हणाली.

संध्याकाळी साखर २८० आली. कालपर्यंत कशी सरळ होती. काही खाल्लं नव्हतं जास्तीचं.

११ तारीख, मंगळवार

नवी डबी लावली. टक. दुपारपर्यंत चांगलं. मग चढली, तीनशेच्या वर. पंप जास्त इन्सुलिन सोडतोय असं मोबाइलवर दिसतं, पण साखर ऐकत नाही. दोघांचं भांडण झाल्यासारखं. आईला सारखी तहान लागते, सारखी बाथरूमला जाते. मुकादमबाई घड्याळ बघतात.

खांदा पण जास्तच दुखतोय. टॉवेल ठेवले, दिवसभर.

खरं लिहू का? आकडा बघून मला आधी वाईट वाटलं आणि मग थोडं बरं वाटलं. मग बरं वाटलं म्हणून परत वाईट वाटलं.

१३ तारीख, गुरुवार

आज चादरींच्या ट्रॉलीमागे मी वाकलेले होते आणि पलीकडे आई मुकादमबाईंशी बोलत होती. त्यांना मी दिसले नाही. मी तशीही दिसत नाही.

“पुढच्या महिन्यापासून तिला संध्याकाळी लवकर सोडाल का? बाहेरून दहावीचे वर्ग असतात ना, तिथे घालायचंय.”

“आणि तुमच्याजवळ कोण?”

“पंप आहे की.”

“पंप चालतोय का पण? तुमचं तोंड बघा केवढं उतरलंय.”

“चालेल. चालवीनच मी त्याला.”

म्हणजे सगळं ठरलंय. तिला माझा एवढा कंटाळा आला असेल असं वाटलं नव्हतं. इतकी वर्षं रोज तेच तोंड समोर, चादरीच्या दुसऱ्या टोकाला, तिचं तरी काय चुकलं. पण मला सांगायचं तरी. आणि वर्गात मी काय करू? तिथे लहान मुलं असतील, मास्तर उभं करून विचारतील. माझा आवाज फुटत नाही. नववीत पण फुटत नव्हता.

घरी कोणाला काही बोलले नाही. आईने विचारलं, “का गं, गप्प का?” मी म्हटलं, “मी नेहमीच गप्प असते.” ती म्हणाली, “नाही, आज वेगळी गप्प आहेस.”

१६ तारीख, रविवार

घरी पंप शहाण्यासारखा वागला. रविवारचा शहाणा. मामा फोनवर म्हणाला, “त्याला सुट्टी असते वाटतं. मी सांगितलं होतं, वायर पाहिजे.”

१७ तारीख, सोमवार

आज जसं झालं तसं लिहिते.

जेवणानंतर आईचं पोट दुखायला लागलं. ती म्हणाली काही नाही. खांदाही ठणकत होता, मी टॉवेल बदलत होते. मग चादर जड झाली. सैल नाही, जड, जशी तिकडून कोणी ओढत नाही, नुसतं लटकलंय. मला हे माहीत नव्हतं. उतरलेली साखर माझ्या हाताला कळते, चढलेली कळत नाही. मी गोळी काढली होती हो. तोंडात घालणारच होते. तेवढ्यात तिने खाली बसून उलटी केली आणि मोबाइल ओरडायला लागला, आकडा न दाखवता नुसतं ‘जास्त’ असं दाखवत होता.

मी सिस्टरना फोन लावला आणि मला बोलताच येईना. “हॅलो, हॅलो, कोण बोलतंय?” त्या म्हणत होत्या. रोलरवालीने फोन माझ्या हातातून ओढला आणि सगळं सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, पंप काढा, पेनाने इन्सुलिन द्या, पाणी पाजा, रिक्षा करून इकडे या. पेन माझ्या पिशवीत होतं. मी दिलं. आई म्हणाली, “बघ, कळलंसुद्धा नाही.”

दवाखान्यात सलाईन लावली. पेनाचं इन्सुलिन लागू पडलं, साखर उतरली. उद्या सोडतील. डॉक्टर म्हणाले, परवा या, पंप ठेवायचा की नाही ते ठरवू, मला तरी तो यांना मानवत नाही असं दिसतंय.

म्हणजे पंप जाणार. मला पाहिजे होतं तेच होतंय, आणि आई सलाईन लावून पडलीय, ओठ फाटलेले.

१९ तारीख, बुधवार

मागच्या खुर्चीत मी, पुढे आई, डॉक्टर मोबाइलवरच्या रेषा बघत होते. सिस्टर बाजूला उभ्या.

सिस्टर म्हणाल्या, “रविवारी चांगलं, कामाच्या दिवशी वाईट. दुपारनंतरच. ताई, आठवून सांगा, पंपाला कुठे गरम लागतं का? शेक, शेगडी, गरम पाण्याची पिशवी, असं काही त्या हातावर? इन्सुलिन उकडून निघालं की त्यात काही राम राहत नाही. नुसतं पाणी जातं अंगात.”

माझ्या अंगातलंच सगळं पाणी खाली गेलं.

आईने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. मग सिस्टरना म्हणाली, “नाही. तसलं काही नाही.”

तिला कसं आठवलं नाही, मला कळत नाही. उलटीमुळे डोकं जागेवर नसेल. रोज तर ठेवत होते मी, दिवसभर.

डॉक्टर म्हणाले, “मग नाइलाज आहे. नाव खाली टाकतो. पेन चालू ठेवा.”

आई म्हणाली, “बरं.” एवढंच. आणि पदराची कड बोटाला गुंडाळायला लागली.

मी गप्प बसले असते तर सगळं होतं तसं राहिलं असतं. चादर, ती, मी. हे मला तेव्हाच कळत होतं, उगाच भोळेपणा करत नाही. मी खोकले. कोणी बघितलं नाही. परत खोकले.

सिस्टर म्हणाल्या, “पाणी हवंय का गं?”

“टॉवेल,” मी म्हटलं.

“टॉवेल? कशाला?”

“गरम टॉवेल. रोलरमधला. मी ठेवायचे. त्याच हातावर. पंपावरून.”

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, कोणीतरी मागून बोलल्यासारखा. आई म्हणाली, “पोरीला काही माहीत नाही, ती आपली—” सिस्टरनी विचारलं, “किती गरम?” मी म्हटलं, “नेहमीसारखा.” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला आणि मग हसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

सिस्टर म्हणाल्या, “अहो, मग पंपाचा काय दोष? तो बिचारा उकडलेलं इन्सुलिन सोडत राहिला.” पंप राहणार. टॉवेल बंद, आणि रोलरपासूनही लांब, म्हणाल्या, ती जागाही ठीक नाही. चिठ्ठी देते, थंड बाजूला काम द्यायला सांगा.

जिन्यात आई म्हणाली, “तुला कोणी विचारलं होतं?” पाठीत एक धपाटा घातला. मग तोच हात तिथेच ठेवून उतरली, खालपर्यंत. मी म्हटलं, “मी तुला मारलंच असतं.” ती म्हणाली, “मेले का? मग चल, पाय उचल.”

२१ तारीख, शुक्रवार

मुकादमबाईंनी आईला मळक्या बाजूला टाकलं. तिथे गारठा असतो, पंखे असतात, वास असतो. आईला वासाचं काही नाही. तिच्या नि माझ्या मधे भिंत आहे.

मी म्हटलं, मीपण तिकडे जाते. मुकादमबाई म्हणाल्या, तिकडे दोघी लागत नाहीत.

२४ तारीख, सोमवार

आता चादरीच्या दुसऱ्या टोकाला रोलरवालीची भाची आहे. तिचे कोपरे पहिल्या झटक्यात जुळतात. बोलतेही छान. पण तिच्याबरोबर घडी घालताना चादरीतून काहीच कळत नाही. नुसती चादर असते.

मोबाइल दर थोड्या वेळाने बघते. आईचा आकडा माझ्याही मोबाइलवर दिसतो, मामाने जोडून दिलं. (“बघ, वायर नाही तरी चालतंय ना?” असं आई म्हणाली तर म्हणतो, “मी जोडलंय म्हणून.”) १२०. ११५. १२४. दोनदा मोबाइल ओरडेल असं वाटलं, ओरडला नाही. एकदा मी उगाचच भिंतीपलीकडे जाऊन आले. आई दवाखान्याच्या उशांचे अभ्रे मोजून टाकत होती, गुणगुणत. मला बघून म्हणाली, “काय गं, काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” आणि खरंच काही झालेलं नव्हतं. खिशातल्या गोळ्या घामाने एकमेकींना चिकटल्यात.

एक तारखेपासून वर्ग आहे. आईने नाव घातलं, मला दाखवून घातलं. म्हणाली, “नाही आवडलं तर सांग.” मी “काहीही” म्हणाले. तिने विचारलं, “काहीही म्हणजे हो का नाही?” मला माहीत नाही. मला माहीत असतं तर मी सांगितलं असतं. ती घरी जाईल तेव्हा तिच्याबरोबर कोणी नसेल, आणि ती पोचेलही, रोज पोचेल. हे चांगलंच आहे. मी दिवसभर स्वतःला सांगतेय, हे चांगलंच आहे.

तिला विचारायचं होतं, माणूस लागणार नाही म्हणजे कोण नको होतं तुला. तोंडापर्यंत आलं आणि परत गेलं. ती पेनं एका डब्यात भरून फ्रिजच्या मागच्या कप्प्यात ठेवत होती. मी डबा धरला, तिने झाकण लावलं.

आत्ताच खालून आरडाओरडा आला म्हणून खिडकीतून बघितलं. आमच्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षांनी चालू झालीय. सगळी बिल्डिंग नुसती वर-खाली करतेय, चौथ्या मजल्यावरचे आजोबा तर म्हणे लिफ्टमधून बाहेर पडायलाच तयार नाहीत. आई हाक मारतेय, आपणही एकदा वर-खाली करून येऊ म्हणून.